चौदा पैशांची इमारत

परवा माझा आर्किटेक्चर शिकणारा भाचा मला म्हणाला, "मामा, तू कशावरही लिही, पण इमारतींवर लिहू नकोस. त्यातलं तुला काही कळत नाही."

आता हे खरं आहे, की मी बी.कॉम. आहे, बँकेत क्लार्क आहे आणि इमारतींशी माझा संबंध गृहकर्जाच्या अर्जांपुरताच येतो. त्यातही इमारत कशी दिसते हे बघायचं नसतं, कागद कसे दिसतात हे बघायचं असतं. डोंबिवलीत मी ज्या इमारतीत राहतो तिची शैली कोणती, असं मी एकदा या भाच्यालाच विचारलं होतं. त्यानं रस्त्यात उभं राहून बराच वेळ वर बघितलं आणि विचारलं, "ओसी मिळालीय ना? मग झालं तर!"

तरीही मी लिहिणार आहे. आयुष्यात बॅट हातात न धरलेली माणसं क्रिकेटवर लिहितात, पोळी लाटता न येणारे खाद्यसंस्कृतीवर लिहितात. मी तर वीस वर्षं रोज दुपारी डबा खाऊन फोर्टात शतपावली करतो आहे, आणि त्यातली निम्मी पावलं तरी एका इमारतीपुढे थांबलेली आहेत. इतक्या वर्षांत माणूस शेजाऱ्याबद्दलसुद्धा मत बनवतो, मग इमारतीबद्दल का नाही?

इमारत काळ्या घोड्यापाशी आहे. नाव एस्प्लनेड मॅन्शन. तिचं माहेरचं नाव वॉटसन्स हॉटेल.

आमची पहिली भेट मी नोकरीला नवा असताना झाली. नव्या क्लार्कला बँकेत दोन कामं देतात. एक, कोणालाच नको असलेलं, आणि दुसरं, बाहेरचं. मला दोन्ही एकदम मिळालं. वसुलीच्या दाव्याची फाईल वकीलसाहेबांना नेऊन द्यायची होती. "कोर्टाच्या बाजूला, लोखंडी इमारत," एवढाच पत्ता साहेबांनी सांगितला. लोखंडी इमारत म्हणजे एखादी पत्र्याची शेड असणार, असं समजून मी ती इमारत दोनदा ओलांडून पुढे गेलो. तिसऱ्यांदा एका चहावाल्यानं दया येऊन वर बोट दाखवलं.

आत शिरलो तर मधोमध मोठा चौक, भोवती मजल्यावर मजले आणि एक रुंद लाकडी जिना. प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या अर्ध्या खोल्या आणि अर्ध्यांच्या पाव खोल्या झालेल्या. वकील, टायपिस्ट, झेरॉक्सवाले, नोटरी. नुसत्या पाट्या वाचत गेलो असतो तरी कायद्याची पहिली परीक्षा पास झालो असतो. वकीलसाहेबांचं चेंबर म्हणजे आमच्या लॉकररूमच्या दाराएवढं. त्यात साहेब, त्यांचा ज्युनियर, फाइलींची चळत आणि एक लोखंडी खांब अशी चौघांची वस्ती होती. खांब पार्टिशनमधून अर्धा बाहेर डोकावत होता. त्याच्यावर एक कॅलेंडर आणि त्याच्यावर साहेबांचा काळा कोट टांगलेला.

"बसा," साहेब म्हणाले.

बसायला जागा नव्हती. मी खांबाला टेकून उभा राहिलो. दुपारचं ऊन होतं आणि खांब गार होता. तो गारवा अजून पाठीला आठवतो.

त्या खांबाची कुंडली पुढे हळूहळू कळत गेली. १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना फोर्टची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर भूखंड निघाले. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस अडला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, पूर ओसरला आणि कित्येकांची दिवाळी निघाली. बँकेच्या माणसाला ही गोष्ट ऐकवत नाही, म्हणून आटोपतं घेतो. त्या काळात जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं इथे इमारत उभी करायचं ठरवलं. मूळ बेत कापडाच्या धंद्याचा होता, झालं मात्र हॉटेल. दुकानाच्या गाळ्यात खानावळ निघणं हा प्रकार डोंबिवलीत सुरू झाला असं मी समजत होतो. तो तर त्याहून बराच जुना निघाला.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियरचा. हा सामान्य माणूस नव्हता. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं ते अवाढव्य लोखंडी छत आहे ना, त्याच्या कामात बार्लोबरोबर हा होता. टेम्स नदीवरचा १८७३ चा अल्बर्ट पूल याचाच. यानं वॉटसनच्या इमारतीचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतवून घेतला आणि तो सुट्या भागांत जहाजानं मुंबईला आला. १८६७ ते १८६९ या काळात इथे तो जोडला गेला. आजकाल आपण खोक्यातून पलंग आणतो आणि रविवारी जमिनीवर बसून स्क्रू पिळतो, तसं. (आमच्या पलंगाचे तीन स्क्रू उरले आहेत. ते कशाचे, हे विचारायचं सौ.ने आता सोडून दिलं आहे.)

१८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्यानं मुंबईबद्दल जे लिहिलं त्यात कावळ्यांना लाटसाहेबांपेक्षा जास्त जागा दिली. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंच्या माणसानं इथे पडद्यावर हलती चित्रं दाखवली. भारतातला सिनेमाचा तो पहिला खेळ. तिकीट एक रुपया. मुंबईत त्या खेळांनी ज्यांना झपाटलं त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. मराठी माणसानं सिनेमात पहिली उडी घेतली तीच लाल मातीत, हे किती बरं झालं!

जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथाही तुम्ही ऐकली असेल. ताज १९०३ मध्ये उघडलं हे खरं. बाकीच्या कथेला आमच्या भाषेत बिनव्हाउचरची नोंद म्हणतात. अभ्यासकांना तिचा भरवसा वाटत नाही. पण ती खोडायला कोणाचं मन होत नाही, कारण हिशेब फार सुरेख जुळतो. आणि वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलोय, की हिशेब फारच सुरेख जुळला की पुन्हा तपासावा.

आता टीकेकडे वळतो. भाच्याला भीती होती तो भाग हाच.

ही इमारत सुंदर आहे का? नाही. निदान तिच्या शेजारणी ज्या अर्थानं सुंदर आहेत त्या अर्थानं नाही. याच रस्त्यावर डेव्हिड ससून लायब्ररी आहे, मालाडच्या पिवळ्या दगडाची, कमानींची. एल्फिन्स्टन कॉलेज आहे. थोडं पुढे राजाबाई टॉवर, आणि फोर्टच्या दुसऱ्या टोकाला फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्ही. टी., म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. घुमट, मोर, माकडं, वाघ, सिंह! ८.१८ ची लोकल पकडणाऱ्या माणसाला त्यातलं काहीही दिसत नाही ही गोष्ट वेगळी. या सगळ्या इमारती लग्नाला निघाल्यासारख्या नटून उभ्या आहेत. त्यांच्यात वॉटसनची इमारत म्हणजे वऱ्हाडात सामान उचलणारा धाकटा काका. बांधली तेव्हाही कोणाला तरी ती भल्यामोठ्या पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी वाटली होती, आणि त्या माणसाची नजर चुकीची नव्हती.

दुसरा दोष. तिचा मुंबईशी संबंध जेमतेम. खांब तिकडे ओतले, इकडे जोडले. तेच खांब दुसऱ्या बंदरावर उतरवले असते तर हीच इमारत तिथे उभी राहिली असती. तिसरा दोष सर्वांत मोठा. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात लोखंड उभं करायचं, म्हणजे गंजाला जन्मभराचं आमंत्रण. छत्रीची काडी इथे दोन पावसाळे टिकत नाही, आणि यांनी आख्खं हॉटेल आणलं.

एवढं सगळं मान्य करूनही मला मुंबईत हीच इमारत सर्वांत जास्त आवडते. कारण सांगतो.

भाच्यानं मला एकदा समजावलं होतं, की दगडी इमारतीत भिंत वजन पेलते. वरच्या मजल्याचा भार खालच्या भिंतीवर, म्हणून भिंती जाड. वॉटसनच्या इमारतीत सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर आहे. मधल्या विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला. त्या काढल्या तरी इमारत उभी राहते. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला पुष्कळ लोक जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, ती १८८५ ची. आज आपण ज्या टॉवरांमध्ये कर्ज काढून राहतो तेही याच तत्त्वावर उभे आहेत. वॉटसनची इमारत जगात पहिली नव्हे. पण माणसांनी राहायच्या, अनेक मजली, लोखंडी सांगाड्याच्या अशा जुन्या इमारती जगात मोजक्याच उरल्या आहेत आणि भारतात हिच्याइतकी जुनी दुसरी नाही.

हे ऐकलं आणि मला एकदम आमची शाखा दिसली. दर्शनी बाजूला कमान, घुमट, मोर: म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब. आणि भार कुठे? काउंटर नंबर तीन. आमच्याकडे तीन मॅनेजर बदलले, शाखा पडली नाही. एक दिवस काउंटर तीनवरच्या बाई रजेवर गेल्या, तर बारा वाजेपर्यंत शाखेला तडे गेले. फरक इतकाच, की बँकेत खांब आतल्या बाजूला असतात. ऑर्डिशनं ते बाहेर आणून रस्त्यावर, सगळ्यांना दिसतील असे उभे केले. वजन मी पेलतो, असं ती इमारत सरळ सांगते. दर्शनी बाजू म्हणून तिनं दाखवलं ते आपलं काम. एवढा प्रामाणिकपणा मला आमच्या वार्षिक अहवालातही आढळलेला नाही.

शिवाय ते व्हरांडे! प्रत्येक मजल्याला रस्त्याकडे उघडणारी लांबलचक बाल्कनी. खोलीतून बाहेर यावं आणि सावलीत उभं राहून वारा खात रस्ता बघावा. मघाशी मी मुंबईशी संबंध जेमतेम म्हणालो, तो एवढ्यासाठीच. आपली चाळ याहून वेगळं काय करते? मार्क ट्वेननं कावळे बघितले ते याच व्हरांड्यांच्या मुंबईत. कावळे अजून तेच आहेत, असं त्यांच्या आवाजावरून वाटतं.

मग एवढी मजबूत इमारत अशी खंगली का? याचं उत्तर मला आर्किटेक्चरच्या पुस्तकात मिळालं नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात मिळालं.

ते खांब ओतीव लोखंडाचे, म्हणजे आपल्या भाषेत बिडाचे. आमच्याकडे आईचा बिडाचा तवा आहे. तिच्या सासूचा. बिडाचा स्वभाव असा, की वरून कितीही भार द्या, सोसेल. वाकवायला जाल तर मात्र तुटेल. थेट कारकुनाचा स्वभाव. आईचा नियम होता, तवा कधी ओला ठेवायचा नाही. घावन झाले, की धुवायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि मगच आपण जेवायला बसायचं. एकदा आई महिनाभर आजारी होती. तवा कोणी वापरला नाही असं नाही. सगळ्यांनी वापरला. तेलाचं बोट तेवढं कोणी फिरवलं नाही. महिन्याभरात त्या तव्यावर तांबड्या पापुद्र्यांचा नकाशा उठला. आईनं तो हातात घेतला, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "खाणारे तुम्ही पाच होतात ना रे?"

वॉटसनच्या इमारतीत खाणारे पुष्कळ झाले. हॉटेल बंद पडलं, इमारतीचे मालक बदलले, खोल्यांचे तुकडे होऊन ते भाड्यानं गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. कायदा कशासाठी केला ते मला कळतं. त्याच्याच आधारानं माझे आईवडील गिरगावात राहू शकले, तेव्हा मी त्याला नावं ठेवणार नाही. पण गोठलेल्या भाड्यात तेलाचं बोट बसत नाही. मालक म्हणतो, या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, मालकी तुमची, मी कशाला करू? दोघांचंही म्हणणं बिनतोड. दोन बिनतोड म्हणण्यांच्या मधे जो उभा असतो तो मात्र गंजतो. आमच्या खात्यांत याला 'सस्पेन्स' म्हणतात. रक्कम आहे, पण कोणाच्या नावावर टाकायची ते ठरलेलं नाही.

२००५ मध्ये पश्चिमेकडच्या बाल्कन्यांचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. त्याच वर्षी जगभरातल्या धोक्यात असलेल्या शंभर स्थळांच्या यादीत या इमारतीचं नाव आलं. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्या यादीचा काय उपयोग? इथे मला विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी लिहिणार नाही.

२०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आय.आय.टी. मुंबईच्या अहवालानं सांगितलं, ही दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडा. वारसा-जतन करणारे इंजिनियर म्हणाले, नाही, सावरता येईल. दोन्ही बाजूंना शिकलेली माणसं. प्रकरण कोर्टात. ज्या इमारतीतून इतके दावे लढले गेले, तिचाच दावा शेवटी कोर्टापुढे उभा राहिला.

भाच्याला विचारलं, "तुझं मत काय?" तो अर्धा तास बोलला. मग म्हणाला, "तुझं?"

मी कागद-पेन्सिल घेतली. आम्हा कॉमर्सवाल्यांना मत विचारलं, की आम्ही आधी कागद घेतो.

घसारा काढायच्या दोन रीती असतात. एक सरळ रेषेची. वस्तूचं आयुष्य साठ वर्षं धरलं, की दर वर्षी साठावा हिस्सा वजा करत जायचा. साठाव्या वर्षी किंमत शून्य. आमची बँक मला याच रीतीनं वागवते. दुसरी रीत घटत्या शिल्लकीची. दर वर्षी उरलेल्या किमतीतून दहा टक्के वजा. ऑफिसच्या इमारतींना आयकरवाले हीच रीत लावतात. समजा, १८६९ मध्ये इमारत दहा लाखांची होती. पहिल्या वर्षी नऊ लाख, दुसऱ्या वर्षी आठ लाख दहा हजार, असं करत मी २०१९ पर्यंत आलो. दीडशे वर्षं. उत्तर आलं चौदा पैसे.

"म्हणजे शून्यच की," भाचा म्हणाला.

"शून्य नाही. चौदा पैसे. या रीतीत शून्य कधीच येत नाही. आणखी दीडशे वर्षं वजाबाकी केलीस तरी येणार नाही. काहीतरी उरतंच."

तो हसला. तुम्हीही हसाल. आजच्या बाजारात चौदा पैशांना काय येतं? नाणंसुद्धा नाही. पण ते चौदा पैसे लिहायचे की नाही, यावरच सगळं ठरतं. शून्य लिहिलं, की वस्तू पुस्तकातून निघून जाते. मग ती भंगारात काढायला कोणाला विचारावं लागत नाही. चौदा पैसे लिहिले, की दर ३१ मार्चला कोणाला तरी तिचं नाव घ्यावं लागतं, तिच्यापुढे टिचकी मारावी लागते. माझं मत एवढंच आहे. इमारत पडू द्यायची नसेल तर आधी तिच्यापुढे शून्य लिहायचं नाही आणि दर वर्षी तेलाचं बोट कोण फिरवणार त्याचं नाव लिहायचं. माणसांचा जीव जाईल अशी ती ठेवू नये, हे सांगायला तर कॉमर्सचीही गरज नाही.

२०१९ नंतर मी शतपावलीला समोरच्या फुटपाथवरूनच जातो. वकीलसाहेबांनी चेंबर दुसरीकडे हलवलं आहे. परवा भेटले. नवी जागा मोठी आहे, ए.सी. आहे, बसायला खुर्च्यासुद्धा आहेत. मी म्हटलं, "छान झालं, साहेब."

"छानच आहे हो," ते म्हणाले, "पण कोट कुठे टांगावा, कळत नाही."

त्या रात्री घरी आलो तर सौ. म्हणाली, "अहो, घावन करतेय, जरा बसा." जेवण झाल्यावर ती हात धुवायला गेली तेव्हा मी गुपचूप उठलो, तवा धुतला, पुसला आणि त्यावर तेलाचं बोट फिरवलं. तिनं मागून बघितलं.

"आज काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "घसारा लिहितोय."